कोल्हापूरच्या छोट्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

गडहिंग्लजहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबा शाळामास्तर होते. त्यांच्या ट्रंकेत कोल्हापूरच्या एकाच छोट्या प्रकाशकाची तीन पुस्तकं निघाली. त्यातली दोन म्हणजे एकाच कादंबरीच्या दोन प्रती. पहिल्या प्रतीत आवृत्तीचा उल्लेखच नाही आणि मलपृष्ठावर ‘३ रु. ५० न. पै.’ अशी चिठ्ठी डकवलेली आहे. दुसरीत शीर्षकपानाच्या मागं ‘दुसरी आवृत्ती, विजयादशमी शके १८७९’ असं छापलंय, पण किंमत आण्यांत. प्रस्तावनेखाली दोन्हींत ‘मकरसंक्रांत, शके १८७७’. तिसरं पुस्तक कथासंग्रह, त्यावर ‘पहिली आवृत्ती १९७१’ असं आहे, मात्र पत्त्यात पिनकोड दिसतो. जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, ‘आवृत्ती लिहिलेली नसते ती पहिलीच असते.’ दुसरे एक जण म्हणाले, ‘नव्या पैशातली किंमत म्हणजे नंतरची छपाई.’ कुणाचं खरं?

दोघांनीही पुस्तकाच्या अंगावरचा मजकूर वाचला, पुस्तक बघितलं नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या बाबतीत छापलेल्या आवृत्तीवर बराच भरवसा ठेवता येतो. तिथं हिशेबनीस असतो, लेखकाशी मानधनाचा करार असतो, आवृत्ती बदलली की कागदोपत्री फरक पडतो. छोट्या प्रकाशकाकडं बहुतेक वेळा यातलं काही नसायचं. महाद्वार रोडला नाहीतर बिंदू चौकाच्या आसपास एक दुकान, जून-जुलैत शाळेची पुस्तकं आणि वह्या विकून वर्षाची भाकरी निघायची, आणि उरलेल्या पैशातून हौसेनं एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह. प्रकाशक, विक्रेता, मुद्रितं तपासणारा आणि पार्सल बांधणारा माणूस एकच. अशा घरच्या पुस्तकात ‘पहिली आवृत्ती’ किंवा ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी फर्मे बघतो.

फर्मा म्हणजे मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून, घडी घालून तयार होणारी आठ किंवा सोळा पृष्ठांची जुडी. तुमची कादंबरी क्राऊन आकाराची, म्हणजे साधारण पाच बाय साडेसात इंची, आणि सोळा पृष्ठांच्या फर्म्यांची आहे. हे कळतं ते पृष्ठाच्या तळाशी असलेल्या बारक्या आकड्यांवरून. पृष्ठ १७ च्या तळाशी कोपऱ्यात २, पृष्ठ ३३ ला ३, पृष्ठ ४९ ला ४, पृष्ठ ६५ ला ५. बांधणाऱ्याला जुड्या ओळीनं लावता याव्यात म्हणून ते आकडे असतात. वाचकाचं त्यांच्याकडं लक्ष जात नाही. आपल्याला मात्र पहिला पुरावा तिथंच मिळतो.

आता खरा मुद्दा. खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे तुकडे, जुळवून छपाई व्हायची त्या काळात गावातल्या छापखान्याकडं टाइप किती असायचा? दोन-तीन फर्म्यांपुरता, फार तर चार. देवनागरीचा संच तसाच अवाढव्य. जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो खण भरावे लागतात. त्यामुळं जुळारी एक फर्मा जुळवायचा, प्रूफ निघायचं, दुरुस्त्या व्हायच्या, मशीनवर हजारभर कागद निघायचे आणि लगेच खिळे सोडून परत खणांत टाकले जायचे. ते टाकल्याशिवाय पुढचा फर्मा जुळवायला अक्षरंच नसायची. अख्ख्या कादंबरीची जुळणी दोन वर्षं बांधून ठेवणं गावच्या छापखान्याला शक्यच नव्हतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हँडबिलं कशावर छापायची मग?

या टंचाईचा आपल्याला फायदा होतो. दोन प्रतींतली जुळणी एकच निघाली, तर त्या एकाच वेळी छापल्या गेल्या असं जवळजवळ ठामपणे म्हणता येतं. बाहेर काहीही लिहिलेलं असो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या छापखान्यांत जुळणीचे साचे काढून धातूचे ठोकळे ओतून ठेवत, तिथं हे गणित चालत नाही. म्हणून आधी शेवटच्या पृष्ठावर किंवा शीर्षकपानाच्या मागं मुद्रकाचं नाव आणि गाव बघून घ्यायचं. १८६७ च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण पुस्तकावर घालणं बंधनकारक होतं, त्यामुळं ते सहसा सापडतं. तुमच्या दोन्ही प्रतींत शेवटच्या पृष्ठावर कोल्हापूरचाच छापखाना आहे, आणि तो ट्रेडल मशीनवाला लहान छापखाना होता हे त्याच्या इतर कामावरून दिसतं.

जुळणी एकच आहे का, हे बघायला तुटके खिळे शोधायचे. छपाईतल्या चुका नव्हेत, तुटके खिळे. चूक फसवते. दुसऱ्या वेळी जुळवताना जुळाऱ्यापुढं पहिलं छापील पुस्तकच ठेवलेलं असतं, आणि ‘दरवाजा’चं ‘दवराजा’ झालेलं असेल तर तोही इमानदारीत ‘दवराजा’च जुळवतो. म्हणून ‘दोन्हींत सारखीच चूक आहे’ हा पुरावा कच्चा. रफाराची शेंडी तुटलेली असेल, वेलांटीचं वळण उडालं असेल, ‘श’ची गाठ झिजून सपाट झाली असेल, तर ती नेमकी त्याच पृष्ठाच्या त्याच ओळीत पुन्हा येणं जुळणी बदलल्यावर होत नाही. देवनागरीत हे खास उपयोगी पडतं, कारण वरचे-खालचे भाग खिळ्याच्या अंगाबाहेर आलेले असतात आणि दाबानं पटकन मोडतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पृष्ठ ६५ च्या तळाशी फर्म्याचा ‘५’ दोन्हींत सारखाच डावीकडं कललेला आहे आणि त्याचं शेपूट उडालेलं आहे. पृष्ठ ७१ वर, वरून चौथ्या ओळीत ‘सूर्य’ शब्दाचा रफार जाऊन तिथं नुसता ठिपका उरलाय. तोही दोन्हींत. पृष्ठ ७८ वर तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन ओळींत अंतर राखायला घातलेली धातूची पट्टी वर येऊन काळी रेघ उमटली आहे. ती एका प्रतीत गडद, दुसरीत फिकट, पण जागा तीच. अशा खुणा तीन वेगवेगळ्या फर्म्यांत तपासाव्यात, एकाच फर्म्यावर थांबू नये. तुम्ही पृष्ठ १९ आणि ११० चेही फोटो पाठवलेत, त्यांतही जुळणी एकच दिसते.

म्हणजे ‘दुसरी आवृत्ती’ असं छापलेल्या प्रतीतले कागद पहिल्या छपाईचेच आहेत.

मग ‘दुसरी आवृत्ती’ आली कुठून? त्या प्रतीचं शीर्षकपान उघडून शिलाईच्या बाजूला आत बघा. फोटोत कळत नाही, पण सावलीवरून शंका येते की ते पान शिवलेलं नसून चिकटवलेलं आहे. शिवलेल्या जुडीत प्रत्येक पानाला एक जोडीदार असतो, दोघं मिळून घडी घातलेला एकच कागद. सुरुवातीच्या आठ पृष्ठांच्या जुडीत शीर्षकपान पहिलं असेल तर त्याचा जोडीदार म्हणजे जुडीचं शेवटचं पान. मूळ शीर्षकपान कापून काढलं असेल, तर बोटाच्या नखाएवढी पट्टी मागं राहते आणि नवं पान त्या पट्टीला चिकटवलेलं असतं. नव्या पानाचा कागद वेगळा असतो, पिवळेपणाची छटा वेगळी असते, आणि खिळ्यांचा तोंडवळाही बहुतेकदा वेगळा. पान उजेडासमोर धरून शेजारच्या पानाशी ताडून पाहिलं की कागदाचा पोत लगेच कळतो.

असं का करायचे? हजार प्रतींचे फर्मे छापून व्हायचे, पण बांधणीला पैसे लागायचे. म्हणून तीन-चारशे प्रती बांधून दुकानात आणि बाकीचे फर्मे पोत्यात, माळ्यावर. मागणी आली की पुन्हा शंभर-दोनशे बांधायचे. दोन वर्षांनी बांधताना मुखपृष्ठाचे कागद संपलेले असायचे, मग नवं मुखपृष्ठ. आणि नवं मुखपृष्ठ करतोच आहोत तर ‘दुसरी आवृत्ती’ म्हणायला काय हरकत आहे? शाळांच्या बक्षिसांच्या खरेदीत आणि गावोगावच्या वाचनालयांत ‘दुसरी आवृत्ती’ म्हटलं की पुस्तक चालतंय असा समज होतो. याला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाचा तो व्यवहार होता. मात्र संग्रह करणाऱ्यानं या शब्दांना पुरावा समजू नये, एवढंच.

उलटही होतं. खरोखर नव्यानं जुळवलेली दुसरी छपाई असते आणि आवृत्तीचा उल्लेखच गाळलेला असतो. लेखकाला पुन्हा मानधन द्यायला नको, म्हणून. ‘आवृत्ती लिहिलेली नसते ती पहिलीच’ हा व्यापाऱ्याचा नियम इथं सपशेल आपटतो. तुमच्या प्रतीबाबत त्यांचं म्हणणं खरं निघालं, पण ते नियमामुळं नव्हे.

आता तारखा. ‘मकरसंक्रांत, शके १८७७’ याचं तुम्ही १९५५ केलंत, ते १९५६ हवं. शकात ७८ मिळवायचे हे आपण शाळेत शिकतो, पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत. त्यामुळं जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. संक्रांत, महाशिवरात्र, होळी अशी तिथी दिसली की ७९. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी दिसली की ७८. म्हणून प्रस्तावना जानेवारी १९५६ ची आणि नवं शीर्षकपान ऑक्टोबर १९५७ चं. आपल्याकडच्या प्रकाशकांना मुहूर्ताचं भारी वेड, त्यामुळं हे गणित पदोपदी करावं लागतं. आणि मुहूर्ताची तिथी म्हणजे पुस्तक त्या दिवशी बाहेर आलं असंही नाही. दसऱ्याची तारीख छापलेली पुस्तकं दिवाळीनंतर बांधून येत.

किंमतीचं तसंच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्द गळून नुसते ‘पैसे’ उरले. म्हणून ‘न. पै.’ दिसलं की तो छाप १९५७ ते १९६४ मधला, यात शंका नाही. पण तो छाप कशाचा? तुमच्या बाबतीत चिठ्ठीचा. चिठ्ठी पुस्तकाचं वय सांगत नाही. तेव्हा पुस्तक कुणाच्या तरी दुकानात विकायचं पडून होतं, एवढंच सांगते. मलपृष्ठाचा कागद पातळ आहे म्हणून तुम्ही मागून मोबाईलचा उजेड धरलात हे फार बरं केलंत. चिठ्ठीखाली ‘रु. २-८-०’ स्पष्ट वाचता येतं, म्हणजे दोन रुपये आठ आणे. दुसऱ्या प्रतीवरही तीच किंमत. ऑक्टोबर १९५७ मध्ये आण्यांतली किंमत विचित्र वाटेल, पण नवी-जुनी नाणी काही वर्षं जोडीनं चालली, आणि हाताशी जुनं मलपृष्ठ असेल तर कोण कशाला बदलेल?

चिठ्ठी सोलू नका. वाफही देऊ नका.

तर निकाल असा की दोन्ही प्रती एकाच छपाईच्या, १९५६ च्या. मूळ शीर्षकपान शाबूत असलेली चिठ्ठीवाली प्रत संग्राहकाच्या भाषेत पहिली, आणि दसऱ्याचं पान चिकटवलेली प्रत त्याच फर्म्यांची नंतरची बांधणी. शिलाईतली पट्टी तेवढी डोळ्यांनी बघा, म्हणजे शिक्कामोर्तब होईल. व्यापारी एक प्रत मागत असेल तरी दोन्ही सोडू नका. एकीमुळं दुसरीची ओळख पटते आहे, वेगळ्या झाल्या की पुढच्या माणसाला हे कोडं पुन्हा सुटायचं नाही.

इतकं झाल्यावर साहजिक प्रश्न येतो की दुसरी प्रत हाताशी नसेल तर? तेव्हा प्रकाशकाची सवय शिकावी लागते. एका पुस्तकावरून सवय कळत नाही. त्याच प्रकाशकाची मिळतील तेवढी पुस्तकं बघा, विषय कुठलाही असो. पाककृतींचं असो की हरिपाठाचं. हा माणूस आवृत्ती कुठं छापतो, शीर्षकपानाच्या मागं की शेवटी? पहिल्या वेळी काहीच न लिहिता दुसऱ्यापासून लिहायला लागतो का? प्रतींची संख्या देतो का? कुठल्या साली कुठल्या पेठेत दुकान होतं? अशी एक वही करा, साल, पत्ता, मुद्रक, मुखपृष्ठकार, किंमत आणि शेवटच्या जाहिरातीच्या पानावरची नावं. ही वही भरत गेली की एकेका नव्या पुस्तकाची जागा आपोआप दिसायला लागते.

जाहिरातीचं पान तर सोन्यासारखं. ‘आमची इतर प्रकाशने’ या यादीत जे पुस्तक १९६० चं आहे असं तुम्हाला वहीतून माहीत आहे, ते नाव १९५६ च्या म्हणवणाऱ्या पुस्तकात कसं येईल? ‘छापत आहे’ म्हणून आलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि छोट्या प्रकाशकांची ‘छापत आहे’ची यादी भलतीच आशावादी असते. त्यातली कित्येक पुस्तकं कधी आलीच नाहीत. पण यादी शेवटच्या फर्म्याचाच भाग आहे की सुटं पान लावलंय, हे आधी बघायचं. सुटं असेल तर ते बांधणीचं वय सांगतं, छपाईचं नाही.

शुद्धलेखनावरून वय काढायची सवय बऱ्याच जणांना असते. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यांत’ असे अनुस्वार दिसले की जुनं, नाही दिसले की नवं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनानं मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे खरं. पण गावच्या जुळाऱ्याला आणि जुन्या वळणाच्या लेखकाला तो नियम पचायला दहा वर्षं लागली. अनुस्वार दिसले म्हणजे १९६२ च्या आधीचं, असं म्हणू नका. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकाच्या दोन छपाया समोर असतील आणि एकीतून अनुस्वार काढले असतील, तर कुठली नंतरची हे मात्र बिनचूक कळतं.

अलीकडच्या काळात फसगत होते ती ऑफसेटच्या प्रतींत. जुन्या पुस्तकाचे फोटो घेऊन हुबेहूब छापलेली प्रत. त्यात ‘पहिली आवृत्ती’ हे शब्दही आले, तुटका रफारही आला, शुद्धिपत्रही आलं. इथं बोट आणि भिंग उपयोगी पडतं. गुजरीतले सराफ वापरतात तसलं दहापट भिंग घ्या, फार महाग नसतं. खिळ्याच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार येते आणि मधला भाग किंचित फिका पडतो. ऑफसेटमध्ये शाई सपाट, एकसारखी. पानाच्या मागच्या बाजूला मोबाईलचा उजेड अगदी तिरपा धरा. खिळ्याच्या छपाईत अक्षरांचे उठाव दिसतात, बोटालाही लागतात. ऑफसेटमध्ये पान मागून गुळगुळीत. ऐंशीच्या दशकानंतर कोल्हापुरातही छापखाने भराभर ऑफसेटकडं वळले, त्यामुळं त्यानंतरच्या पुस्तकांत तुटक्या खिळ्यांची सगळी विद्या बाद होते आणि पत्ते, फोन, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) असल्या गोष्टींवर यावं लागतं. आयएसबीएन तेरा आकडी झाला १ जानेवारी २००७ पासून, तेव्हा तेरा आकडी क्रमांक असलेली प्रत १९९८ ची पहिली आवृत्ती म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. मात्र छोट्या प्रकाशकांकडं आयएसबीएन नसणं हे कशाचंच लक्षण नाही.

आणखी एक सापळा म्हणजे प्रकाशक बदलणं. लेखक गाजला की पुस्तक कोल्हापूरहून पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाकडं जातं आणि तिथं ‘पहिली आवृत्ती’ असं पुन्हा छापलं जातं. त्यांच्या लेखी ती त्यांची पहिली. तेव्हा प्रस्तावनेची तारीख बघा, ‘या आवृत्तीच्या निमित्तानं’ असलं काही आहे का बघा, आणि लेखकाच्या नावाभोवतीच्या बिरुदांकडं लक्ष द्या. बिरुदं फार प्रामाणिक असतात. वि. स. खांडेकरांना पद्मभूषण १९६८ साली मिळालं, ज्ञानपीठ १९७४ चं. ‘पद्मभूषण’ छापलेलं मुखपृष्ठ १९५० च्या दशकातलं असूच शकत नाही, आतले फर्मे कितीही जुने असोत.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अनुदानानं आलेल्या नवलेखकांच्या पुस्तकांचं काम त्यामानानं सोपं. हे मंडळ १९६० चं. अनुदानाचा उल्लेख आणि ‘लेखकाच्या मतांशी मंडळ सहमत असेलच असे नाही’ असली ओळ असेल तर ती बहुधा पहिलीच छपाई, कारण अनुदान पहिल्यालाच मिळायचं आणि अशा संग्रहांना दुसरी क्वचितच लाभायची.

आता बाहेरचे पुरावे. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा पहिला आधार. तिचा एक भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मुंबई सरकार १८६७ च्या कायद्याप्रमाणं नोंदलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या काढायचं, त्यांत किंमत, प्रतींची संख्या, आवृत्ती सगळं असतं. पण कोल्हापूरवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तो कायदा ब्रिटिश मुलखाचा होता आणि कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्याआधी संस्थानात छापलेलं पुस्तक त्या यादीत सापडलं नाही, तर ‘असं पुस्तक तेव्हा निघालंच नव्हतं’ असा निष्कर्ष काढू नका. सत्यशोधकी चळवळीतल्या इथल्या छोट्या पुस्तिकांचा शोध घेणाऱ्यांना हे विशेष लागू. १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईला प्रती पाठवणं सक्तीचं झालं, पण टपालखर्च वाचवणारे प्रकाशक त्याही काळी होते.

मी त्यापेक्षा वाचनालयाच्या शिक्क्यावर जास्त विसंबतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, आणि जिल्ह्यात जुनी वाचनालयं कमी नाहीत. प्रतीवर दाखल क्रमांक आणि तारीख असली की ‘या दिवसाच्या आत पुस्तक अस्तित्वात होतं’ हे पक्कं होतं. छापलेल्या सालापेक्षा हा पुरावा वजनदार, कारण ग्रंथपालाला खोटी तारीख टाकण्यात काही मिळत नव्हतं. हेच शाळेच्या बक्षिसाच्या चिठ्ठीचं, आणि ‘सप्रेम भेट’ लिहून लेखकानं खाली घातलेल्या तारखेचं. आजोबांच्या हातची तारीख तुमच्या प्रतींवर कुठं आहे का, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेली वगैरे, ते बघा. शाळामास्तर सहसा लिहितात.

वाचनालयाच्या प्रतीचा दोष एकच, पण मोठा. मजबूत बांधणीसाठी मूळ मुखपृष्ठ काढून टाकलेलं असतं आणि कडा कापलेल्या असतात. कापताना तळाचे फर्म्याचे आकडेही उडतात. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात किंवा रद्दीत अशी ‘निर्लेखित’ शिक्क्याची, म्हणजे वाचनालयानं नोंदीतून काढून टाकलेली, पुस्तकं मिळतात. अभ्यासाला ती उत्तम, संग्रहाला नाही. पुरात भिजलेली पुस्तकंही अलीकडं बरीच येतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, शुक्रवार पेठ भागातल्या घरांतून किती पुस्तकं गेली याला गणती नाही. अशा प्रतीत डिंक सुटून चिकटवलेली पानं आणि चिठ्ठ्या निघालेल्या असतात, त्यामुळं शीर्षकपान नसणं म्हणजे कुणी कापलं असं नव्हे. पट्टी आहे का बघा. पट्टी नसेल आणि शिलाईत अख्खी घडी सुटलेली असेल तर ते पाण्याचं काम.

राहिलं तिसरं पुस्तक, ‘पहिली आवृत्ती १९७१’ आणि पत्त्यात ४१६ नं सुरू होणारा पिनकोड. पिनकोड देशात लागू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळं काहीतरी एक खोटं किंवा उशिराचं आहे. तुमच्या फोटोत फक्त मुखपृष्ठ आणि शीर्षकपान दिसतंय, आणि पिनकोड मला मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला दिसतो. तो फक्त तिथंच असेल तर उत्तर सोपं आहे. फर्मे १९७१ चे, मुखपृष्ठ १९७२ नंतरचं, आणि हे पुस्तक त्या कादंबरीसारखंच थोडं थोडं करून बांधलेलं. पण शीर्षकपानाच्या मागच्या पत्त्यातही पिनकोड असेल, आणि ते पान जुडीत शिवलेलं असेल, तर अख्खी छपाई नंतरची आहे आणि प्रकाशकानं जुनं साल तसंच ठेवलंय. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा आणि पृष्ठ १७ च्या तळाचा, असे दोन फोटो पाठवा. शिवाय शेवटच्या पृष्ठावर मुद्रकाचं नाव कादंबरीतलंच आहे की वेगळं, तेही कळवा.